मोरी नसलेलं न्हाणीघर

नोव्हेंबरात कोलोनला चारच्या सुमारासच अंधारून येतं. काल त्या अंधारातून आमच्या गल्लीत शाळेतल्या पोरांची मिरवणूक गेली. सेंट मार्टिनचा सण. पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला माणूस, मागे काठीला कागदी कंदील बांधून गाणी म्हणणारी मुलं, आणि त्यांच्या मागे थंडीने नाकं लाल झालेले आईबाप. माझी सई आता अकरा वर्षांची झाली, तिला हे सगळं बाळबोध वाटतं. ती आपल्या खोलीतून बाहेरसुद्धा आली नाही. मी मात्र दिवा मालवून खिडकीत उभी राहिले. या वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच उरकली, त्यामुळे हे कंदील एकटेच होते. पाच वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, दिवाळी आणि मार्टिन एकाच आठवड्यात आले होते, आणि आमच्या बाल्कनीतल्या आकाशकंदिलाकडे बोट दाखवून खालची पोरं काहीतरी ओरडली होती. घरात तेव्हा अप्पा होते, माझे सासरे.

मिरवणूक गेली, दिवा लावला, तर टेबलावर तो ग्रंथ. परवा आला इन्स्टिट्यूटकडून. चांगला जाडजूड, गुळगुळीत कागदाचा, एका हाताने उचलवत नाही. एका प्राचीन ग्रीक शहरातल्या कारखान्यांचं आणि न्हाणीघराचं उत्खनन त्यात आहे, आणि मागच्या चित्रांखाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. मी तो तोवर पूर्ण चाळलेला नव्हता. एक पान आहे त्यात, ते सोडून बाकीची पाहिली होती.

मी पुरातत्त्वाची चित्रकार. पुण्यात शिकले, लग्न करून मिलिंदबरोबर इथे आले. तो गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि मी दोन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांमध्ये. लोकांना वाटतं उत्खनन म्हणजे ऊन, टोपी, ब्रश आणि मधूनच सापडणारं सोनं. माझ्या वाट्याला आलं ते हिवाळ्यातलं उत्खनन. बाकीची मंडळी उन्हाळ्यात तिकडे समुद्रकाठी जाऊन खणत. ऑक्टोबरात मापं, फोटो आणि पेन्सिलीचे कच्चे नकाशे घेऊन, रापलेल्या तोंडांनी परत येत. मग मी तळघरातल्या खोलीत बसून ते सगळं शाईने पक्कं करी. सापडलेल्या वस्तू तिकडेच राहतात, त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. सई लहान होती म्हणून माझं जाणं दरवर्षी पुढच्या वर्षावर गेलं. लागोपाठ कित्येक हिवाळे मी एका न्हाणीघराच्या भिंती, उंबरे आणि नळ काढले. त्यात पाऊल मात्र कधी ठेवलं नाही.

न्हाणीघर मोठं गमतीचं होतं. गोल खोली. भिंतीच्या कडेकडेने, पाठ भिंतीला आणि पाय खोलीच्या मध्याकडे येतील अशा बैठका, भाजक्या मातीच्या आणि वरून गिलावा केलेल्या. आडवं पडून डुंबायची सोय नाही. एक माणूस गुडघे दुमडून बसेल एवढीच जागा, पुढे पावलांसाठी खळगा, आणि डोक्याच्या वर भिंतीत एक देवळी, दिवा किंवा तेलाची कुपी ठेवायला. माणूस बसायचा आणि दुसरं कुणीतरी त्याच्या अंगावर पाणी ओतायचं. इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींना हे फार विचित्र वाटे. मला त्यात विचित्र काही दिसेना. लहानपणी पाटावर बसून आईच्या हातून न्हायलेल्या बाईला काय दिसणार.

आमच्या खोलीची प्रमुख उर्सुला. साठीची, उंच, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं हवामानाच्या बातम्यांसारखं, एका सुरात. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खोली न्हाणीची आहे की नाही ते नळावरून ठरवू नकोस. पाणी आणणं सगळ्यांना सुचतं. ते बाहेर कुठे जातं ते आधी शोध." म्हणून नकाशावर मी सर्वांत आधी उताराचे बाण काढायची. बारीक, शेपटीवाले बाण, सगळे एका बाजूला तोंड करून, मोरीकडे. तिला उर्सुला आबफ्लुस म्हणायची. मी मनात मोरीच म्हणायची.

गल्लीच्या पलीकडे कारखाने. कुंभारांच्या भट्ट्या, माती निवळायचे खड्डे आणि मागच्या बाजूला बिघडलेल्या मालाचा ढीग. एका भट्टीत शेवटची खेप तशीच होती. भांडी रचलेली, भाजून झालेली, पण काढायला कुणी आलंच नाही. शहरावर शत्रू चालून आला त्या दिवसांतली ही खेप असावी, असं उर्सुला म्हणे. 'असावी' म्हणे, कारण खात्री नसलेल्या गोष्टीला 'होती' म्हणायची तिची तयारी नसे. मी मात्र भट्टी काढताना दर वेळी त्या कुंभाराचा विचार करायची. भट्टी निवायला वेळ लागतो, तोवर तो न्हायला गेला असेल, गल्ली ओलांडून, राखेने माखलेला. मग काय झालं ते झालं.

अप्पाही कारखानदारच म्हणायचे. तांबट. पुण्यात तांबट आळीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढे विक्री आणि मागे ठोकाठोकी. बंब, घंगाळी, हंडे. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा आवाजाने माझे कान बधिर झाले होते आणि अप्पा त्यात आरामात, खुणा करत, गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होते. त्यांचं नाव होतं ते मठारकामासाठी. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके देत जायचे, एकाला एक लागून, ओळीने, म्हणजे पत्रा कडक होतो आणि भांड्याला चमक येते. पुढे घरोघर गीझर आले. बंब कुणी घेईना. घेतले तर हॉटेलवाल्यांनी, कोपऱ्यात झाडं लावायला. ते ऐकून अप्पा म्हणाले होते, "बंबात झाड? मग आंघोळ कुंडीत करतात का?" शेवटी दुकान बंद झालं, हत्यारं भंगारात गेली. मग सासूबाई गेल्या, आणि त्यांच्यामागे अप्पांचं एकेक कमी होत गेलं. आधी नावं, मग रस्ते, मग दुपारी जेवलो की नाही ते. मिलिंद एकुलता एक. शेजारच्यांनी फोनवर सांगितलं, तुम्ही आता काहीतरी बघा.

आम्हाला अप्पांना इथेच ठेवून घ्यायचं होतं, कायमचं. यात माझा काही मोठेपणा नाही, अप्पा मला मनापासून आवडायचे. तीन महिन्यांच्या व्हिसावर सप्टेंबरअखेर त्यांना आणलं आणि आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, खेटे सुरू केले. तिथली बाई सभ्य होती. आईवडिलांना असं ठेवता येत नाही, म्हणाली. अगदीच असाधारण अडचण असेल तर विचार होतो, पण त्यासाठी आधी आजारपणाचा विमा हवा. विमेवाले म्हणाले, हे वय आणि हा आजार असेल तर नाही. कचेरीतून बाहेर येऊन मिलिंद म्हणाला, "अडचण साधी असेल तर ठेवता येत नाही, आणि असाधारण असेल तर विमा मिळत नाही. गेनाऊ." ऑफिसात उचललेलं त्याचं ते गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', मला त्या दिवशी ऐकवेना. तरी आम्ही वकील गाठला, अर्ज केला आणि उत्तराची वाट पाहू लागलो. आशा होती असं म्हणवत नाही. वाट पाहायची सवय होती.

येताना अप्पांनी एक घंगाळं आणलं होतं. आमच्या लग्नात त्यांनी स्वतः ठोकून दिलेलं, इतकी वर्षं पुण्यात माळ्यावर पडलेलं. बॅगेत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, स्वेटरसुद्धा शेजाऱ्यांनी भरले होते. पण घंगाळं मांडीवर घेऊनच विमानात बसणार म्हणून अडून बसले. इथे उतरल्यावर कस्टमवाल्याने आत हात घालून ते वाजवून पाहिलं आणि विचारलं, हे कशासाठी? मिलिंद म्हणाला, आंघोळीसाठी. त्याने एकवार अप्पांकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

आंघोळीचाच तर सगळा घोळ होता. आमच्या बाथरूममध्ये टब. त्याच्या काठावरून पाय टाकायचा अप्पांना धीर होईना. एकदा मिलिंदने त्यांना उचलून आत ठेवलं, तर पडदा दोन्ही हातांनी घट्ट धरून ते थरथरत उभेच राहिले आणि "मला वर काढा, वर काढा" म्हणू लागले, विहिरीत पडल्यागत. त्यानंतर आम्ही ओल्या टॉवेलने अंग पुसत होतो. सई दारातून बघायची. "ओपा श्टिंक्ट," आजोबांच्या अंगाला वास येतो, असं ती एकदा म्हणाली आणि मिलिंदने तिला हाताला धरून बाहेर नेलं. तेव्हा ती सहा वर्षांची. आमचं मराठी तिला सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. अप्पांना तिचं काही कळत नसे, आणि दोघांचं त्यावाचून अडतही नसे. मला अप्पा रोज नव्याने भेटत. चहाचा कप घेताना अदबीने विचारत, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" पहिल्यांदा मी समजावून सांगायचे. मग नुसतं "पुण्याकडची" म्हणू लागले. त्यांना तेवढं पुरे.

एक दिवस घरी कुणीच नव्हतं म्हणून त्यांना इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेले. तिकडच्या सरकारची परवानगी काढून, मातीच्या तपासणीसाठी आणलेले बिघडलेल्या मालाचे तुकडे तेव्हा टेबलावर मांडलेले होते. जास्त भाजून वाकडे झालेले, एकमेकांना चिकटून बसलेले वाडगे. धंद्याचं काही दिसलं की अप्पा कधी कधी सरळ बोलायचे. म्हणाले, "एवढा बिघडलेला माल कशाला जपून ठेवलाय?" मी उर्सुलाला जर्मनमध्ये सांगितलं.

ती म्हणाली, "चांगला माल विकला जातो. बिघडलेला मागे राहतो, म्हणून तर तिथे कारखाना होता हे कळतं."

मी हे अप्पांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "आम्ही बिघडलेलं वितळवून टाकायचो," म्हणाले. "मागे काही ठेवलं नाही."

उर्सुलाला मी याचं भाषांतर करून दिलं नाही.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला मिलिंद म्हणाला, "आज टॉवेल नको. आज अप्पांना नीट न्हाऊ घालू या." टब आणि बेसिन यांच्यामध्ये पांढऱ्या टाइल्सची मोकळी जागा होती. तिथे सईचं लाकडी स्टूल ठेवलं, समोर घंगाळं, त्यात कढत पाणी, बाजूला बादलीत गार. पणती मी बेसिनवरच्या फळीवर ठेवली. ठेवताना मला त्या न्हाणीतल्या देवळ्या आठवल्या नाहीत. हे आता आठवतं.

मिलिंदने तेल लावलं, मी उटणं कालवलं. सुनेने सासऱ्याला आंघोळ घालायची म्हटल्यावर आमच्या आईने कपाळाला हात लावला असता, पण त्यांना धरणं आणि पाणी ओतणं ही दोन्ही कामं मिलिंदला एकट्याला जमण्यासारखी नव्हती. अप्पा पंचा नेसून स्टुलावर बसले. बसल्याबरोबर पाठ वाकवली, मान खाली घातली, हात गुडघ्यांवर ठेवले. पहिल्या तांब्याची वाट बघत माणूस बसतो तसे. मी पाणी ओतलं.

"मिल्या, कढत आहे," अप्पा म्हणाले. "विसण घाल."

विसण म्हणजे कढत पाण्यात घालायचं गार पाणी. हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि 'मिल्या' ही हाक मिलिंदने. त्याने बादलीतलं पाणी घंगाळ्यात घातलं. अप्पांनी बोटं बुडवून पाहिली. "हां. आता कसं." मग घंगाळ्याच्या काठावर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं. "माझं काम आहे हे. तुमच्या लग्नातलं." माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, चिंच लावून घासत नाही का हो? किती काळं पडलंय."

"घासते, अप्पा," मी म्हटलं.

"आज घासा. सण आहे."

आंघोळ होऊन फराळ आणि चहा संपेपर्यंत ते आमच्यात होते. सासूबाई कुठे आहेत असं त्यांनी विचारलं नाही, म्हणजे त्या गेल्या हे त्यांना ठाऊक होतं. सईला जवळ घेऊन तिच्या हातावर करंजी ठेवली. खिडकीबाहेर बघून म्हणाले, "इथे उजाडत नाही का रे?" मिलिंद हसला आणि मग तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेला. चहाचा रिकामा कप मला देताना अप्पा अदबीने म्हणाले, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा तसंच न्हाऊ घातलं, आणि पुन्हा तेच झालं. स्टुलावर बसायचे, पहिला तांब्या पडायचा, विसण मागायचे आणि परत यायचे. कधी चहापर्यंत टिकायचे, कधी अंग पुसेपर्यंतच. डॉक्टरीण म्हणाली, सवयीच्या गोष्टींनी होतं असं कधी कधी. याचा अर्थ सुधारणा असा घेऊ नका. आम्ही माना डोलावल्या, आणि घरी येऊन तोच अर्थ घेतला. मग रोजचाच नेम झाला. दिवाळी संपली तरी रोज सकाळी तेल, कढत पाणी, विसण. मी घंगाळं घासून लखलखीत केलं होतं. सईसुद्धा दारात उभी राहून मापाने बादली भरून द्यायची. मिलिंद ऑफिसला उशिरा जाऊ लागला. वकिलाला त्याने फोन करून सांगितलं की वडिलांच्या तब्येतीत फरक पडतोय, ते अर्जात घाला. वकील म्हणाला, फरक पडतोय असं लिहिलं तर अडचण असाधारण राहत नाही.

या सगळ्यात आम्हा दोघांच्याही एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्या बाथरूमला मोरी नव्हती. जर्मन बाथरूममध्ये बहुधा जमिनीला उतार नसतो, जाळी नसते. पाणी टबात आणि बेसिनमध्येच राहणार, असं धरून घर बांधलेलं. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, वर्षानुवर्षं तिथे राहत होतो. पण टाइल्स दिसल्या की आमच्याकडचा माणूस पाणी ओतायला मोकळा होतो. आंघोळ झाली की मिलिंद फडक्याने पाणी टिपून टबात पिळायचा, फरशी कोरडी दिसायची. मग मी कोट चढवून इन्स्टिट्यूटला जायची आणि दिवसभर उताराचे बाण काढत बसायची.

खालच्या मजल्यावर फ्राउ क्रेमर एकट्या राहायच्या. त्या मला जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुमच्याकडे सकाळी काहीतरी छान वाजतं. घंटेसारखं." मी सांगितलं, तांब्याचं भांडं आहे, सासऱ्यांनी केलेलं. डिसेंबर लागला आणि एका सकाळी त्यांनी दारावर टकटक केलं. अंगात घरातला झगा, आणि आवाज अगदी संकोचलेला. "माफ करा, पण माझ्या बाथरूममध्ये पाऊस पडतोय."

मी खाली जाऊन पाहिलं. छताला तपकिरी डाग, मधोमध फुगवटा, त्यातून थेंब. फ्राउ क्रेमरनी खाली पातेलं ठेवलं होतं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरमालकाने माणूस पाठवला. त्याने टाइल्सवर यंत्र टेकवून ओल मोजली, चार टाइल्स फोडल्या आणि आम्हाला बोलावून आत दाखवलं. खालचे लाकडी वासे काळे पडले होते. वासरशाडेन, म्हणाला. पाण्याने झालेलं नुकसान. "इथे तुम्ही नक्की काय करत होता?" मिलिंद म्हणाला, "वडिलांना आंघोळ घालत होतो." त्याने टबाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळी जमीन उखडली आणि वाळवायची यंत्रं बसवली. ती दिवसरात्र घरघरायची. अप्पा कानावर हात ठेवून विचारत, "कुणाचं दुकान चालू आहे?" आम्ही स्टूल टबात ठेवून पाहिलं, स्वयंपाकघरात प्लास्टिकचं मोठं घमेलं आणून पाहिलं. काठ ओलांडायचा म्हटलं की ते मागे सरत. पुन्हा ओला टॉवेल सुरू झाला. टॉवेलने अप्पा परत येत नसत.

उर्सुलाला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "आबफ्लुस नव्हता?" मी म्हटलं, नव्हता. तिने चष्मा काढून छातीवर सोडला. मग म्हणाली, "मग पुढे कधी कुणी तुमचं घर खणलं, तरी त्या खोलीत कुणी असं न्हात होतं हे त्यांना कळणार नाही." ती दुष्टपणे म्हणाली नाही. तिला खरोखर वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ती अशी बोलायची.

त्याच आठवड्यात कचेरीचं उत्तर आलं. नाही. नाताळाच्या आधी मिलिंद अप्पांना घेऊन पुण्याला गेला आणि शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवून आला. घंगाळं तिथे चालणार नव्हतं, भांडी आणायची नाहीत असा त्यांचा नियम. विमानतळावर अप्पांनी मला नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. "येत जा कधी," म्हणाले. मी येते म्हटलं. यंत्रं आणखी काही दिवस चालू होती. जानेवारीत नवी फरशी बसली, पहिल्यापेक्षा चांगली, आणि तिलाही मोरी नाही.

दर रविवारी मिलिंद आश्रमात फोन करायचा. तिथल्या मंगलताई चांगल्या बाई. "आजोबांचा काही त्रास नाही हो," त्या म्हणायच्या. "फक्त आंघोळीला बसले की उठत नाहीत. पाइपने पाणी घालून होतं, अंग पुसून होतं, तरी मान खाली घालून बसून राहतात."

मिलिंदने विचारलं, "विसण मागतात का?"

"नाही हो. काहीच मागत नाहीत."



दीड वर्षाने, उन्हाळ्यात, अप्पा गेले. मिलिंद पोहोचला तेव्हा त्यांना आंघोळ घालून झाली होती. कुणी घातली ते त्याने विचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात तिकडचं खोदकामही संपलं. खोदकाम संपलं की खड्डा उघडा ठेवत नाहीत, ऊनपावसाने भिंती ढासळतात. म्हणून वर कापड अंथरायचं, वाळू घालायची, माती लोटायची. सई आता मोठी झाली म्हणून पुढच्या वर्षी मी जायचं ठरवलं होतं. उर्सुलाने फोटो दाखवला. सपाट माळ आणि त्यावर काटेरी झुडपं. न्हाणीघर, भट्ट्या, मोरी, सगळं खाली. ती म्हणाली, "टिकवायचं तर पुरावंच लागतं." माझं जाणं तिथेच राहिलं.

मग ग्रंथाचं काम निघालं. न्हाणी वापरात असताना कशी दिसत असेल याचं एक चित्र उर्सुलाला हवं होतं, माणसांसकट. मी एका बैठकीवर म्हातारा काढला. वाकलेली पाठ, खाली घातलेली मान, हात गुडघ्यांवर. वरच्या देवळीत दिवा. बाजूला पाणी ओतणारं माणूस, हातात उचललेलं भांडं. इतक्या वर्षांत एवढ्या जलद मी एकही चित्र काढलं नव्हतं. उर्सुलाने ते दिव्याखाली धरून पाहिलं. म्हाताऱ्याबद्दल म्हणाली, "हा चांगला आहे. हा खरंच पाण्यासाठी थांबलाय." मग दुसऱ्या माणसावर पेन्सिल ठेवली.

"ओतणारं कुणीतरी होतं हे आपल्याला माहीत आहे," ती म्हणाली. "पण बाई की पुरुष, कुठल्या बाजूने, हातात काय, अंगावर काय, यातलं एकही माहीत नाही. बसणाऱ्याची जागा सापडली. ओतणाऱ्याची नाही सापडली. हे काढून टाक."

"मग पाणी कोण ओतणार?" मी विचारलं.

"ते वाचणाऱ्याला कळेल."

मी पातं घेतलं आणि शाई खरवडून काढली. कामाची सवय होती. कागद फाटू दिला नाही.

घंगाळं आमच्या दाराशी असतं. त्यात आम्ही छत्र्या ठेवतो. मी ते घासत नाही, आणि अप्पा बंबात झाड लावणाऱ्यांबद्दल काय म्हणाले होते ते आम्हा दोघांनाही आठवतं, पण बोलून दाखवत नाही. काल मिरवणूक गेल्यावर शेवटी मी ग्रंथ उघडला आणि ते पान काढलं. छपाई छान झाली आहे. पुसलेल्या जागी काही कळतसुद्धा नाही. सई पाणी प्यायला बाहेर आली आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

"कोण आहे हा?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. तेव्हा सहा वर्षांची होती. तिला यंत्रांची घरघर आठवते, अप्पा नाही.

"आंघोळीला बसलेला माणूस," मी म्हटलं.

तिने ग्रंथ जवळ ओढून नीट पाहिलं. देवळी पाहिली, दिवा पाहिला, समोरच्या पानावरच्या नकाशातले मोरीकडे जाणारे माझे बाण बोटाने मोजले.

"मग याला पाणी कोण घालणार?"

मी ग्रंथ मिटला आणि जेवणाची पानं घ्यायला उठले.